शिडाच्या बोटीवर यंत्रं बसवायचा भक्कम बेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये विंच (शिडाचे दोर ओढायचं यंत्र), विंडलास (नांगराची साखळी ओढायचं यंत्र), ऑटोपायलट, सोलर पॅनेल, बॅटरी अशा सामानाचे बेस तयार होतात आणि मुंबई, गोव्याकडच्या शिडाच्या बोटींवर जातात. फोनवर तेच तेच प्रश्न येतात. बोटमालक विचारतात, तसे आपल्याकडचे फॅब्रिकेटरही विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

समुद्र सव्वातीनशे किलोमीटरवर, आणि बोटीचं काम वाळूजला?

इथे गाड्यांचे सुटे भाग बनतात, त्यामुळे जिग-फिक्श्चर करणारे हात घरोघरी आहेत. लेथ, मिलिंग, लेसर कटिंग, टिग वेल्डिंग, सगळं चार गल्ल्यांत मिळतं. बोटीच्या बेसला लागणारी कारागिरी हीच आहे. फरक एकच: कारखान्यातलं फिक्श्चर काँक्रीटवर किंवा बीडाच्या टेबलावर बसतं, बोटीवरचा बेस मात्र पातळ फायबरच्या डेकवर, म्हणजे बोटीच्या वरच्या तळावर. सगळी गुंतागुंत तिथे सुरू होते.

यंत्रासोबत बोल्ट आलेले असतात. डेकला भोकं पाडून आवळले की झालं, वेगळा बेस कशाला?

हलक्या सामानाला खरंच नको. दिवा, हॉर्न, पट्टीवर बसणारा पंप यांना बोल्ट आणि मोठे वॉशर पुरतात. पण ज्या वस्तूला दोर किंवा साखळी ओढते, वारा ढकलतो किंवा जी स्वतः थरथरते, तिचा जोर डेकच्या मोठ्या भागावर पसरवावा लागतो. माळवदाच्या घरात झोका सागवानी तुळईला बांधतात, मधल्या मातीला नाही. बोटीवर ती तुळई बहुतेक वेळा आपल्यालाच तयार करावी लागते. लोक वरच्या चकचकीत प्लेटला बेस म्हणतात. माझ्या मते बेसचा मोठा भाग डेकच्या आत आणि डेकच्या खाली असतो. पैसे कमी असतील तर वरचं पॉलिश सोडून द्या, डेकखाली जोर पसरवणारी प्लेट सोडू नका.

डेकच्या आत काय आहे, हे कसं कळणार?

बहुतेक फायबरग्लास बोटींचा डेक तीन थरांचा असतो: वर फायबरची कातडी, मध्ये हलका गाभा, खाली पुन्हा कातडी. गाभा बाल्सा लाकडाचा, फोमचा किंवा प्लायवूडचा असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने डेक ठोकत जा. कोरडा, घट्ट डेक टणक वाजतो. गाभा सुटला किंवा कुजला असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. बद्द आवाजाच्या जागी नवा बेस बसवू नका, आधी डेक दुरुस्त करा. नक्की काय आहे ते हवं असेल तर जिथे भोक पडणारच आहे तिथे बारीक ड्रिल घाला आणि बाहेर येणारा भुसा बघा. कोरडा फिकट भुसा आला तर बाल्सा ठीक. काळपट ओला लगदा आला तर थांबा.

बोल्टाच्या भोकातून पाणी शिरलं तर एवढं काय होतं?

एका ग्राहकाने जुन्या विंचखालून कापून काढलेला डेकचा तुकडा आमच्याकडे आणला होता, नव्या बेसच्या मापासाठी. कडेचा बाल्सा सायीच्या रंगाचा, नखाने दाबला तर नख बसेना. बोल्टांच्या भोवती मात्र तोच बाल्सा काळा पडलेला, ओल्या चहापत्तीसारखा बोटाने उकरता येत होता. वरची कातडी पूर्ण शाबूत आणि बाहेरून डेक नवा दिसत होता. बोल्टातून थेंब थेंब उतरलेलं पाणी गाभ्यात पसरलं, गाभा मऊ झाला, बोल्ट सैल पडला आणि सैल बोल्टातून आणखी पाणी शिरलं. हे चक्र एकदा सुरू झालं की सीलंट बदलून थांबत नाही.

मग भोक कसं पाडायचं?

पूर्ण पानातलं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एम ८ चा, म्हणजे ८ मि.मी. जाडीचा, बोल्ट जायचा असेल तर आधी वरून सुमारे २० मि.मी.चं भोक पाडा, पण फक्त वरची कातडी आणि गाभा जाईपर्यंत. खालची कातडी तशीच राहू द्या. भोकातला गाभ्याचा भुसा साफ काढा, आत ओल असेल तर पूर्ण वाळू द्या. मग आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग कालवले की कडक होणारी राळ) ब्रशने भोकाच्या भिंतींना पाजा, बाल्सा ती पिऊन घेतो. त्यावर सिलिका पावडर मिसळून लोण्याइतकी घट्ट केलेली इपॉक्सी भरा. ती कडक झाली की मधोमध ८.५ मि.मी.चं आरपार भोक पाडा. आता बोल्टाच्या भोवती चहूबाजूंनी इपॉक्सीची भरीव नळी आहे. पुढे सीलंट गेला तरी पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही आणि नट आवळताना गाभा चेपतही नाही.

वरून मोठं भोक पाडायचं नसेल तर बारीक भोकातून वाकवलेला खिळा ड्रिलला लावून दोन कातड्यांमधला गाभा खरवडून काढतात. बाल्सा आणि फोमला ही युक्ती चालते, प्लायवूडला चालत नाही.

शेवटी भोकाच्या वरच्या तोंडाला काउंटरसिंक मारून हलका उतार द्या. त्या खाचेत सीलंटची गोल कडी बसते. हा उतार नसेल तर आवळताना सीलंट सगळा बाहेर पिळून निघतो.

इपॉक्सीबद्दल आपल्या हवेतली एक गोष्ट. डब्यावर लिहिलेला वेळ साधारण २५ अंशांचा असतो आणि दर १० अंशांना तो जवळपास निम्मा होतो. मे महिन्यात ४२ अंशांच्या शेडखाली वीस मिनिटांची इपॉक्सी पाच-सात मिनिटांत घट्ट व्हायला लागते. कप गरम होतो, धूरही येतो. थोडी थोडी कालवा, खोल भोक दोन वेळा करून भरा, शक्यतो सकाळी लवकर काम उरका. किनाऱ्यावर काम असेल तर पावसाळ्यात डेक उघडू नका. गाभा वाळणारच नाही.

बोल्ट किती जाडीचे घेऊ? जोराचा हिशोब कसा करतात?

एक उदाहरण घ्या. विंचचा बेस १५० मि.मी. उंच आहे आणि दोर वरच्या टोकाला ५०० किलोने आडवा ओढतो. हा आकडा फुगवलेला नाही. ४०:१ ताकदीच्या विंचवर हँडलला २५ किलो जोर लावला तर हिशोबाने दोरात १००० किलो येतात. घर्षणात काही जातात, तरी ५०० सहज उरतात. बेसच्या पुढच्या कडेपासून मागच्या बोल्टांची रांग २०० मि.मी. दूर असेल, तर मागच्या रांगेवर उचलणारा जोर ५०० × १५० ÷ २००, म्हणजे ३७५ किलो. दोन बोल्ट असतील तर प्रत्येकी १९० किलोच्या आसपास.

आता ए४-७० शिक्क्याचा स्टेनलेसचा एम ८ बोल्ट ताणात सुमारे १६०० किलोपर्यंत कायमचा लांबत नाही. म्हणजे बोल्टाला ही ओढ जाणवतसुद्धा नाही. जाणवते ती डेकला. एम ८ च्या साध्या १६ मि.मी. वॉशरचं क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटरही भरत नाही. त्यावर १९० किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १२५ किलोंच्या वर. घनमीटरला ८० किलो घनतेचा पीव्हीसी फोम दर चौरस सेंटिमीटरला साधारण १४ किलोंनीच चेपू लागतो. वरून कातडी काही भार पसरवते, पण किती पसरवणार? तेच १५० बाय २५० मि.मी.ची जाड प्लेट खाली लावली की दाब कुठल्या कुठे उतरतो.

म्हणून बोल्ट एम ८ वरून एम १२ करून फारसं काही साधत नाही. बेसची उंची कमी करा, बोल्टांच्या रांगांमधलं अंतर वाढवा, खालची प्लेट मोठी घ्या. उंची निम्मी केली की उचलणारा जोरही निम्मा होतो.

खालची प्लेट कशाची करावी?

आमची पहिली पसंती एफआर-४, म्हणजे इपॉक्सी ग्लास शीट. इलेक्ट्रिकल पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन विकणाऱ्या दुकानांत ती मिळते, बोटीचं दुकान शोधायला नको. गंजत नाही, कुजत नाही, पाण्याने फुगत नाही आणि इपॉक्सीने डेकच्या पोटाला पक्की चिकटते. विंचला ८ ते १० मि.मी. जाडी घ्या. कोपरे गोल करा, नाहीतर टोकदार कोपऱ्यापाशी डेकला तडा जातो. कापताना मास्क आणि चष्मा हवाच, तिची धूळ फुप्फुसाला आणि त्वचेला वाईट.

त्याच दुकानात हायलम (राळेत दाबलेल्या थरांची शीट) मिळतं, स्वस्तही असतं. कागदी थरांचं हायलम ओलाव्याने फुगतं, ते नको. प्लायवूड वापरायचं तर आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय, आणि कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात मारून. स्टेनलेसची प्लेट चालते, पण डेकचं पोट खडबडीत असतं आणि स्टेनलेस वाकून बसत नाही. मध्ये पोकळी राहते आणि सगळा भार उंचवट्यांवर येतो. ती पोकळी घट्ट इपॉक्सीने भरूनच प्लेट बसवा. हे एफआर-४ लाही लागू आहे.

समुद्रासाठी ३१६ जातीचं स्टेनलेस लागतं. दुकानदार म्हणतो, चुंबक चिकटत नाही म्हणजे ३१६ आहे.

नाही. ३०४ आणि ३१६ दोन्हींना चुंबक चिकटत नाही, आणि वाकवल्या-ठोकल्यावर ३०४ ला थोडं चिकटू लागतं. दोन्हींतला खरा फरक मॉलिब्डेनमचा: ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असतं आणि खाऱ्या पाण्याच्या माऱ्याला तेच तोंड देतं. पत्र्याबरोबर टेस्ट सर्टिफिकेट मागा. शंका असेल तर एमआयडीसीतल्या लॅबमध्ये तुकडा तपासून घ्या. बोल्टाच्या डोक्यावर ए४ लिहिलेलं असेल तर तो ३१६ च्या जातीचा, ए२ असेल तर ३०४ च्या.

३१६ सुद्धा अमर नाही. स्टेनलेसवरचा संरक्षक थर टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. ओल्या डेकमध्ये अडकलेल्या बोल्टाला तो मिळत नाही, आणि वरून चमकणारा बोल्ट मधोमध खाल्ला जातो. पाणी आत जाऊ न देणं बोल्टासाठीही तितकंच गरजेचं.

जालन्याचं लोखंड स्वस्त पडतं. एमएसचा (साध्या लोखंडाचा) बेस करून गॅल्व्हनाइझ केला, म्हणजे जस्ताचा थर दिला तर?

शेतातल्या पंपाच्या फ्रेमला उत्तम. समुद्रावर जस्त झिजत जातं, आणि गॅल्व्हनाइझ झाल्यावर पाडलेल्या प्रत्येक भोकापासून गंज सुरू होतो. डेकवर पडलेले तांबडे डाग निघत नाहीत. नका करू.

अ‍ॅल्युमिनियमचा बेस आणि स्टेनलेसचे बोल्ट चालतील?

चालतात, पण दोन्हींचा थेट स्पर्श होऊ देऊ नका. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्टाभोवती पांढरी भुकटी आणि रंगाला फुगे दिसले की समजा सुरुवात झाली. नायलॉनचे वॉशर, बोल्टाभोवती नायलॉनची नळी आणि आट्यांना टेफ-जेल किंवा ड्युरालॅक लावा. जाड प्लेटमध्ये टॅप मारून बसवलेल्या बोल्टाला तर हे लेप लागतातच, नाहीतर काही वर्षांनी तो तुटेल पण फिरणार नाही.

वेल्ड करून बेस बनवायचा असेल तर ५०८३ जातीचं अ‍ॅल्युमिनियम घ्या. ६०६१-टी६ वेल्डजवळ तापल्याने जवळजवळ ४० टक्के ताकद गमावतं. नुसतं मिलिंग करून ठोकळा बनवायचा असेल तर ६०६१ छान.

आमच्या गावातल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलं तर चालेल? त्याला काय सांगू?

अवश्य करून घ्या. मराठवाड्यात चांगल्या हातांची कमी नाही. अडचण फक्त सवयीची असते: गेट, ट्रॉली आणि स्टेनलेसचं काम एकाच टेबलावर चालतं. लोखंडावर वापरलेला ग्राइंडिंग व्हील किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसवर फिरला की लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात. बेस शेडमधून आरशासारखा निघतो आणि समुद्रावर पंधरवड्यात मिरीसारखे तांबडे ठिपके उठतात. मग मालक म्हणतो माल खोटा होता. माल खराच असतो, चाक चुकलेलं असतं. म्हणून नवा व्हील, नवा स्टेनलेसचा ब्रश आणि टेबलावर पुठ्ठा किंवा लाकूड, ही तीन कामं समोर उभं राहून करून घ्या.

पत्रा ३१६ एल (कमी कार्बनचं ३१६), वेल्डिंगची तारही ३१६ एल. वेल्डभोवतीचे निळे-तपकिरी पट्टे दिसायला देखणे असले तरी तिथे संरक्षक थर बिघडलेला असतो, ते पिकलिंग पेस्टने काढायला लावा. ही पेस्ट घातक आम्लाची असते: रबरी हातमोजे, चष्मा, मोकळी हवा आणि नंतर भरपूर पाणी. जोड सलग वेल्डचे हवेत. टाके मारून सोडलेल्या फटीत खारं पाणी साचतं.

सीलंट कोणता? सिलिकॉन सगळीकडे मिळतं.

डेकवर सिलिकॉन नको. ते निघता निघत नाही आणि त्या जागी पुढे रंग, इपॉक्सी, काहीच धरत नाही. पुढेमागे खोलावं लागणाऱ्या बेसला ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) किंवा सिकाफ्लेक्स २९१ सारखं पॉलियुरेथेन. ३एम ५२०० फक्त कधीच काढायचं नसेल तिथे, कारण तो काढताना फायबरची कातडी सोबत येते.

सीलंट वरच्या बाजूलाच लावा, खालून नाही. खालूनही बंद केलंत तर शिरलेलं पाणी आत कोंडून गाभ्यात पसरेल. खाली थेंब दिसला तर निदान गळती कळते. आणि आवळताना बोल्टाचं डोकं पान्याने घट्ट धरून फक्त नट फिरवा, नाहीतर डोक्याखालचा सीलंट पिळवटून फाटतो.

स्टेनलेसचा नट अर्ध्यावर जाम झाला. ना पुढे, ना मागे.

कापून काढा, दुसरा इलाज नाही. स्टेनलेसवर स्टेनलेस वेगाने घासलं की आटे एकमेकांत रुततात. इम्पॅक्ट गन दूर ठेवा, आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावा, हाताने सावकाश आवळा.

विंचखाली तिरका पॅड का मागतात?

दोर विंचच्या ड्रमकडे किंचित खालून यायला हवा, साधारण ३ ते ८ अंश. तो सरळ किंवा वरून आला की एक वेढा दुसऱ्यावर चढतो आणि भर वाऱ्यात दोर अडकतो. तेव्हा शीड सोडता येत नाही, आणि त्या दोराजवळ हात नेणं धोक्याचं. पॅड बनवण्याआधी खरा दोर ताणून कोन मोजा. कॅटलॉगमधल्या चित्रावरून पॅड कापू नका.

नांगराच्या विंडलाससाठी वेगळं काही?

बेस विंचसारखाच, प्लेट आणखी मोठी. पण बोट नांगरावर उभी असताना साखळीचा हिसका विंडलासवर ठेवायचा नसतो. चेन स्टॉपर (साखळी अडवून धरणारी कडी) किंवा लवचिक दोर लावून तो हिसका भक्कम क्लीटवर (दोर बांधायच्या खुंटीवर) घ्यायचा. त्या स्टॉपरला आणि क्लीटलाही खाली प्लेट लागते, हे बरेच जण विसरतात.

बॅटरी जड असते, ती कुठे जाणार?

१०० एएचची (अँपिअर-तासांची) लेड-अ‍ॅसिड बॅटरी २८-३० किलोंची असते. बोट आडवी झाली की ती केबिनमध्ये उडते. एबीवायसी या अमेरिकी संस्थेच्या मानकात बॅटरीला ९० पौंड, म्हणजे सुमारे ४१ किलो, किंवा तिच्या वजनाच्या दुप्पट, यांतल्या कमी जोराने कोणत्याही दिशेला ढकललं तरी ती २५ मि.मी.हून जास्त हलता कामा नये. ‘कोणत्याही दिशेला’ यात वरची दिशाही आली. म्हणून नुसता कडेचा ट्रे पुरत नाही. वरून पट्टा हवा, आणि तो ट्रेला नाही, तर बोटीच्या रचनेला बोल्टने धरलेला.

सोलर पॅनेलचा बेस तर हलका चालेल ना?

वजन हलकं, पण पॅनेल वाऱ्याला शीडच असतं. वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला ०.६ गुणिले वेगाचा वर्ग इतका न्यूटन. सेकंदाला २० मीटरच्या वाऱ्यात, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरला, २ चौरस मीटरच्या पॅनेलवर समोरून जवळपास ५० किलो येतात. वेग दुप्पट झाला की २०० किलो. खालून उचलणारा वारा जास्त धोक्याचा, कारण आपण वजनाचाच विचार करून खांब लावतो. दोन खांबांना तिरका आधार हवाच.

इंजिनचा बेस आम्हीच बदलू शकतो का?

बेड दुरुस्त करता येतो, पण अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आणणं, जाणत्याकडून करून घ्या. त्या दोघांना जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन चकत्यांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चारी बाजूंना मोजतात, १०० मि.मी. व्यासाला फरक ०.१ मि.मी.च्या आत हवा. कंपनीच्या पुस्तकात याहून कडक माप असेल तर तेच पाळा. आणि ही मापं बोट पाण्यात उतरवून, डोलकाठीच्या तारा ताणल्यावर घ्यायची. बोट जमिनीवर वेगळी बसते, पाण्यात वेगळी.

माप कसं पाठवायचं?

जाड पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायचा साचा कापून पाठवा, त्यावर बोटीचं नाक कोणत्या दिशेला आहे तो बाण हवा. डेक मधे फुगलेला असतो, म्हणून सपाट पट्टी ठेवून दोन्ही टोकांची फट लिहा. खालून, केबिनच्या छतातून, फोटो घ्या. वायर, पाइप, आडवी पट्टी नेमकी तिथेच असते जिथे आपला बोल्ट उतरायचा असतो.

नाथसागरावरच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावरच्या, छोट्या शिडाच्या होडीलाही एवढं सगळं लागतं का?

जायकवाडीचं पाणी गोडं, त्यामुळे धातूचा बराचसा त्रास टळतो. ३०४ चालतं, अ‍ॅल्युमिनियम-स्टेनलेसची जोडीही बरीच सोसते. पण बाल्साला पाणी गोडं काय नि खारं काय. उलट गोड्या पाण्यात लाकूड लवकर कुजतं. भोकाची पद्धत तीच ठेवा. पैठणच्या उन्हात प्लास्टिकचे भाग आणि दोर लवकर झिजतात, नायलॉनचे वॉशर दरवर्षी बघा. जलाशय पक्षी अभयारण्य आहे, पाण्यात उतरण्याआधी वन विभागाला आणि जलसंपदा विभागाला विचारून घ्या.

बसवल्यावर किती दिवसांनी बघायचं?

पहिल्या आठवड्यात एकदा, कारण सीलंट बसतो आणि नट थोडे सैल होतात. ब्युटाइल टेप असेल तर दोन-तीनदा. त्यानंतर दर मोसमाआधी. केबिनच्या छताचं अस्तर काढता येईल असं ठेवा. नट दिसले नाहीत तर कुणी तपासत नाही. प्रत्येक नटावर आणि प्लेटवर मिळून पेंटची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे. नटाभोवती तपकिरी ओघळ दिसला तर नुसता आवळू नका, बोल्ट काढून आत बघा.